हुशार आहे, पण

पाण्याची बाटली भरलेलीच परत यायची, तिथून हे सगळं सुरू झालं.

डिसेंबरातली गोष्ट. शाळेतून आली की डबा आणि बाटली ओट्यावर आणून ठेवायची ही मनूची सवय. (मनू हे घरातलं नाव, शाळेतलं इथे लिहीत नाही.) डबा चाटूनपुसून रिकामा आणि बाटली जडच्या जड. मला वाटलं थंडी आहे, पोरं पाणी कमी पितात. मग एक दिवस बघते तर झाकण गळतं म्हणून सकाळी मी खाली प्लास्टिकचा तुकडा लावून ते घट्ट बसवलं होतं, तो तुकडा जसाच्या तसा. म्हणजे दिवसभरात उघडलीच नव्हती. विचारलं तर एकदम साध्या आवाजात, ‘अगं प्यायलं की शूला लागते ना. खाली जाऊन वर येईस्तोवर गणित संपून जातं.’

दिवसभर बँकेत बसून मी लोकांची व्हाउचरं तपासते, एक रुपया इकडचा तिकडे झाला तर मला कळतं, आणि हे मला किती दिवस कळलं नव्हतं कोण जाणे.

मनू नऊ वर्षांची आहे, चौथीत. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, त्यातला स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे दोन्ही पाय ताठर, हात त्यामानाने बरे. तिसाव्या आठवड्यात झाली, वजन १२०० ग्रॅम, जवळपास दोन महिने एनआयसीयूच्या काचेआड. नंतर एमआरआय झाला तेव्हा डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून समजावलं होतं की मेंदूच्या मधोमध पाण्याच्या पोकळ्या असतात, पायांकडे जाणाऱ्या तारा त्यांच्या अगदी कडेने जातात, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा नेमका तेवढाच भाग नाजूक असतो. हातांच्या तारा जरा लांबून जातात म्हणून त्या बऱ्याचशा वाचतात. आणि डोळ्यांनी बघितलेलं मागे मेंदूत नेणाऱ्या काही ताराही त्याच गल्लीतून जातात. हे शेवटचं आम्ही तेव्हा कानाआड केलं. पाय चालतील का एवढंच ऐकायचं होतं आम्हाला.

पाय चालले. साडेतीन वर्षांची असताना चालले. आता स्प्लिंट घालून, गुडघे जरा आत घेऊन, झुलत झुलत चालते, सपाटीवर व्यवस्थित, गर्दीत कुणाचा तरी हात लागतो, आणि जिने चढते कठडा धरून एकेक पायरी, दोन्ही पाय एका पायरीवर आणत. दमते. तुम्हीआम्ही चालतो त्याच्या कितीतरी पट शक्ती तिला तेवढ्याच चालण्याला लागते, हे फिजिओ ताई दर वेळी सांगतात, आणि दर वेळी सांगतात की पुढची चार-पाच वर्षं सांभाळायची, कारण हाडं भराभर वाढतात आणि ताठर स्नायू त्यांच्या वेगाने लांब होत नाहीत, त्यामुळे सात-आठ वर्षांचं असताना छान चालणारं मूल बारा-तेराव्या वर्षी जास्त अडखळतं. शाळा नेमकी त्याच वयात मुलांना वरच्या मजल्यावर पाठवते. आमची तरी पाठवते. चौथीपर्यंत प्राथमिक, पाचवीपासून ‘मोठी शाळा’, आणि मोठ्या शाळेत पाचवी तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. मुलींचं टॉयलेट तळमजल्यावर.

आता दुसरी बाजू, जी सांगायला मला जास्त आवडते (आणि त्यातच सगळी गोम आहे, त्यावर येते).

तिचे आजोबा, म्हणजे माझे सासरे, जुन्या शाळेचे. त्यांनी तिला पाचव्या वर्षापासून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी असे सगळे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ करून घेतले, खेळ म्हणून. परवा मंडईत ते म्हणाले साडेसतरा किलोची गोणी, चोवीस रुपये किलो. भाजीवाल्याने कॅल्क्युलेटर काढायच्या आत ही म्हणाली ‘चारशे वीस’ आणि मग चारसोबीस चारसोबीस करत खिदळत बसली. घरी सातवीचं गणिताचं पुस्तक आहे, मामेभावाचं, ते तिने मे महिन्यात वाचून संपवलं, म्हणजे खरंच वाचलं, गोष्टीच्या पुस्तकासारखं, पलंगावर पडून. घातांक तिला फार आवडतात. झोपताना दोनाचे घात मोजते, मेंढ्या मोजतात तसे.

आणि तिची शाळेतली गणिताची वही बघा. ४०३ वजा १७८. चार एका घरात, शून्य त्याच्या जरा वर, तीन दोन घरं सोडून, १७८ मधला आठ कुणाच्याच खाली नाही. हातचा घेतलेला एक समासात जाऊन बसलेला. आणि उजव्या कडेला, सगळ्यांपासून लांब, २२५. उत्तर बरोबर! लाल पेनाने खाली ‘मांडणी?’ आणि अर्धा मार्क. सहामाहीला गणितात वीसपैकी नऊ. बाई वाईट नाहीत हो, चाळीस-पन्नास वह्या तपासायच्या असतात त्यांना, त्यांना दिसतं ते कागदावरचं. पण वीसपैकी नऊ मिळवणारी मुलगी आणि दोनाचे घात मोजत झोपणारी मुलगी एकच आहे हे वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. स्कॉलरशिपच्या सरावाच्या पुस्तकात तर अजून गंमत. अंकमालिका सगळ्या बरोबर. आणि आरशातली प्रतिमा, पाण्यातलं प्रतिबिंब, आकृतीत एकूण त्रिकोण किती, ते सगळं चूक. त्या पेपराच्या भागाचं नाव काय तर बुद्धिमत्ता चाचणी.

तेव्हा मला ती एमआरआयच्या वेळची गल्ली आठवली. डोळ्यांना नंबर नाही, पण बघितलेलं नीट रचून घेणं तिला जड जातं.

मग रीतसर टेस्ट केली. मॅलिन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी वेक्स्लरच्या चाचणीवरून नागपूरला भारतीय मुलांसाठी बेतलेली टेस्ट आहे, ‘मिसिक’ म्हणतात सगळे. त्यात एक भाग तोंडी असतो, माहिती, शब्दार्थ, तोंडी गणित, ऐकलेले आकडे परत सांगणं, आणि दुसरा हातांनी करायचा, ठोकळे जुळवणं, तुकडे लावून चित्र करणं, भराभर खुणा काढणं, तेही घड्याळ लावून. मनूचा तोंडी आला १३८ आणि दुसरा ८८. दोन्हीची सरासरी काढून एकूण बुद्ध्यांक लिहितात, तो ११३.

टेस्ट घेणाऱ्या मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी ११३ वर पेन ठेवून सांगितलं की ह्या आकड्याकडे बघूच नका, एका नळाला उकळतं पाणी येतंय, दुसऱ्याला बर्फाचं, आणि आपण बादलीत हात घालून म्हणतोय की कोमट आहे. रिपोर्टातही तसं लिहिलं, इंग्रजीत, एक पूर्ण परिच्छेद. शाळेने रिपोर्ट घेतला, पहिलं पान बघितलं आणि फाइलवर लिहिलं ११३. ‘म्हणजे चांगलीच आहे की, काळजीचं काही नाही.’

सरकारी दाखल्यावर दुसरा आकडा आहे, ५० टक्के. दिव्यांगत्वाचा. तो वेगळ्या फाइलीत.

तर गोम. फेब्रुवारीत आमच्या शाखेतल्या एका सहकारीणबाईंच्या मुलीचं केळवण होतं, मनूला घेऊन गेले होते. कुणीतरी नातेवाईक बाई, तिच्या स्प्लिंटकडे बघून चेहरा पाडून म्हणाल्या ‘अरेरे, केव्हापासून?’ आणि माझ्या तोंडून गेलंच, नेहमीसारखं, ‘जन्मापासून, पण हुशार आहे हं खूप.’ मनू शेजारी बसून श्रीखंड खात होती. रिक्षात मला म्हणाली, ‘आई, तू नेहमी पण का म्हणतेस?’

‘कुठे?’

‘पाय असे आहेत पण हुशार आहे. टिंकूची आई म्हणत नाही, टिंकूला चष्मा आहे पण ती डान्स करते.’

(टिंकू तिची शाळेतली मैत्रीण.) मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. स्वारगेटच्या सिग्नलला रिक्षा थांबली होती, चांगला मोठा सिग्नल आहे तो, आणि मला ह्या आधीचे सगळे ‘पण’ आठवत गेले. डॉक्टरांकडे, सोसायटीत, लग्नाकार्यात. मी तिची बुद्धी पायांची भरपाई म्हणून पुढे करत होते, जुन्या नोटांच्या बंडलात वर एक कोरी नोट ठेवतात तशी. शाळा तरी दुसरं काय करते. शाळा तेच उलट्या बाजूने म्हणते, हुशार आहे, पण.

तर मार्च हा आमचा शाळा बघण्याचा महिना. मार्च एंड, बँकेत श्वास घ्यायला वेळ नाही, त्यात मी दोन हाफ डे टाकले, मॅनेजर साहेबांचं तोंड बघण्यासारखं होतं.

पहिली बायपासच्या पलीकडची मोठी सीबीएसई. रॅम्प, लिफ्ट, प्रत्येक मजल्यावर दिव्यांगांसाठी वेगळं टॉयलेट, स्पेशल एज्युकेटर, रिसोर्स रूम. फी वर्षाला पावणेदोन लाख, बस वेगळी, आणि सहकारनगरपासून बसला सकाळी सव्वा तास. मी ते टॉयलेट बघून हळवी झाले होते हे कबूल करते, दारूची जाहिरात बघावी तशी बघत होते मी त्या हँडलकडे. मग काउन्सेलर मॅडमनी वह्या चाळल्या आणि म्हणाल्या की आम्ही हिला गणिताला रिसोर्स रूममध्ये बसवू, तिथे ग्रेड टूच्या लेव्हलपासून कॉन्सेप्ट क्लिअर करून घेऊ, आणि शॅडो टीचर लागेल, म्हणजे वर्गात हिच्यासोबत बसणारी वेगळी मदतनीस, तिचा पगार पालकांकडे. मी १३८ दाखवला. त्या म्हणाल्या हो हो, खूप ब्राइट आहे, आम्ही असेसमेंट करू. मनूने तेवढ्यात विचारलं, ‘लिफ्ट बंद पडली तर वर्ग खाली भरतो का?’ त्या हसल्या. ‘आमची लिफ्ट बंद पडत नाही बेटा.’ मनूने माझ्याकडे बघितलं. आमच्या सोसायटीतली लिफ्ट गणपतीपासून बंद आहे.

दुसरीकडे, एका प्रसिद्ध स्कॉलर घडवणाऱ्या शाळेत, ऑफिसातल्या सरांनी उभ्या उभ्याच सांगितलं की आमच्याकडे स्पीड महत्त्वाचा, हिला झेपणार नाही, तुमच्याच भल्यासाठी सांगतो. कायद्याने प्रवेशासाठी अशी चाळणी लावता येत नाही, ना असं तोंडावर नाकारता येतं, हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी ‘बरं’ म्हणून बाहेर आले आणि गेटवर उभं राहून उसाचा रस प्यायलो आम्ही दोघी.

स्पेशल स्कूलचंही एकांनी सुचवलं. एक चांगली बघितलीही. फिजिओ तिथेच, स्पीच थेरपी तिथेच, सगळं जागच्या जागी आणि माणसं प्रेमळ. तिथल्याच बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, हिला इथे आणू नका, कंटाळून मरेल. किती प्रामाणिक बाई! होमस्कूलिंग करा आणि दहावीला एनआयओएसमधून, म्हणजे मुक्त विद्यालयातून बसवा असं नणंदेचं मत, ती ऑस्ट्रेलियात असते. घरी कोण बसणार ते ती बोलली नाही.

आणि प्रबोधिनी. पुण्यात कुणाचं पोर जरा हुशार निघालं की कुणी ना कुणी हे नाव काढणारच. आप्पा पेंडश्यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी काढली ती मुळात बुद्धिमान मुलांना काय वेगळं द्यावं ह्याच विचारातून, नंतर १९६९ ला प्रशाला सुरू झाली, आणि प्रवेश पाचवीला, म्हणजे नेमका आमच्याच वळणावर. माझे सासरे त्या काळापासूनचे भक्त. मी फॉर्मची चौकशी करायला जाणार होते आणि गेले नाही. त्यात त्यांचा काही दोष नाही, भीती माझी होती. नाही झाली निवड तर ज्या एका गोष्टीवर मी तिला आणि स्वतःला उभं केलं होतं तीच सरकली असती. ‘हुशार आहे’ हेही गेलं असतं आणि नुसता ‘पण’ उरला असता. सासरे अजून रागावलेले आहेत माझ्यावर, आणि त्यांचं चुकत नाहीये.

रात्री सगळे झोपल्यावर मी मोबाइलवर कायदे वाचायला लागले. चटक लागते त्याची. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, त्यात २१ प्रकार, सेरेब्रल पाल्सी त्यातलाच एक. ४० टक्के किंवा जास्त दाखला असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षण. २००९ चा आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, त्याच्या शेवटच्या परिशिष्टात शाळेची इमारत कशी असावी त्याची यादी आहे, प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींची वेगळी टॉयलेट, पिण्याचं पाणी, आणि त्यातच अडथळ्याविना ये-जा करता येणं. म्हणजे शाळेत शिरता येणं ही मेहेरबानी नाही, पिण्याच्या पाण्याच्या ओळीतच बसलेली गोष्ट आहे. हे वाचलं आणि मी उठून बसले. नवरा म्हणाला लाइट बंद कर.

मी अर्ज लिहिला. वर्ग तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर आणावा, लेखी परीक्षेला तासाला वीस मिनिटं जादा द्यावीत, गणित चौकटीच्या मोठ्या वहीत करू द्यावं किंवा तोंडी घ्यावं. दोन कलमं टाकली, सही, आवक नंबर घेतला. बँकेत असल्याचा एवढा उपयोग, आवक नंबर घेतल्याशिवाय मी कागद सोडत नाही. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, ‘तुमचं सगळं बरोबर आहे. पण खालच्या खोल्या बालवाडीला लागतात, त्या हलवल्या तर दुसरे पालक येतील. संस्थेच्या मीटिंगमध्ये ठेवते.’ मीटिंग कधी तर बघू. आणि मग, आवाज खाली आणून, ‘दुसरीकडे सोयीची शाळा मिळत असेल तर दाखला लगेच देऊ हो आम्ही, अडवणार नाही.’ दाखला मागितला की लगेच द्यायचा हेही कायद्यातच आहे. तेवढं कलम मात्र त्यांना पाठ होतं.

सासूबाईंचं म्हणणं, हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नका. सहा वर्षं पोरगी तिथे आहे, शिपाईमामा तिला ओळखतात, टिंकू आहे. टिंकूबद्दल सांगायला हवं. ती मनूचं दप्तर वर नेते, न सांगता, बालवाडीपासून, आणि जिन्यात नेहमी एक पायरी खाली चालते. मी एकदा विचारलं, खाली का गं, तर म्हणाली ‘पडली तर माझ्यावर पडेल ना.’ बायपासच्या पलीकडच्या शाळेत शॅडो टीचर मिळेल पगार देऊन. ही कुठून आणणार. पण मग दुसऱ्या बाजूने असंही वाटतं की एका नऊ वर्षांच्या पोरीच्या भरवशावर मी शाळा चालवतेय, तिच्या आईला कुणी विचारलंय का, आणि उद्या त्या दोघींचं भांडण झालं तर? भांडायचा हक्क आहे की नाही त्यांना? मी ह्या मुद्द्यावर रात्री-रात्री अडकले होते.

तेव्हाच एका रविवारी आजोबा आणि मनू गॅलरीत बसून काहीतरी खरडत होते. आजोबा रोज पर्वती चढतात, सत्तरी उलटली तरी. मनूला वर नेऊन आणलंय एकदोनदा, बाबाच्या पाठीवर. पर्वतीच्या पायऱ्या १०३, हे पुण्यातल्या पोरांना पाढ्यासारखं माहीत असतं. तर ती शाळेच्या जिन्याचा हिशोब पर्वतीत करत होती.

‘एका मजल्याला बावीस. तिसरा मजला म्हणजे सहासष्ट. सकाळी एकदा चढायचं, मधल्या सुट्टीत खाली जाऊन परत एकदा. एकशे बत्तीस. शाळा किती दिवस असते?’

मी आतून म्हणलं, ‘पाचवीपर्यंत कमीत कमी दोनशे.’ कायदे वाचल्याचा परिणाम.

‘सव्वीस हजार चारशे. भागिले एकशे तीन.’ डोळे मिटले. ओठ हलत होते. मला पोटात कसंतरी होत होतं, सव्वीस हजार पायऱ्या, नुसत्या चढायच्या, उतरायच्या वेगळ्या, ते ताठर पाय. मी मनातल्या मनात मुख्याध्यापिकाबाईंना दुसरा अर्ज लिहायला घेतला होता. आणि मनू एकदम ओरडली, टाळ्या पिटत, ‘आई! दोनशे छप्पन पर्वत्या! आणि बत्तीस पायऱ्या उरतात! दोनशे छप्पन आणि बत्तीस! दोन्ही दोनाचे घात!’

आजोबांनी कागदावर करून बघितलं. बरोबर होतं.

मी ओट्याशी उभी राहून रडले थोडी, आणि खरं सांगायचं तर हसलेही. दोनाचा आठवा घात, दोनाचा पाचवा घात. तिला सव्वीस हजार पायऱ्या दिसल्याच नव्हत्या असं नाही, तीच तर रोज चढते, तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. पण तिच्या डोक्यात पायऱ्या आणि घात एकाच कागदावर होते. दोन फाइली आम्ही केल्या होत्या, आम्ही मोठ्यांनी.

ह्याआधी २८ फेब्रुवारीलाही असंच झालं होतं. विज्ञान दिनाला आयुकात, म्हणजे खगोलशास्त्राच्या संस्थेत, लोकांना आत सोडतात, आम्ही गेलो होतो, रांगेत उभं राहून तिचे पाय थरथरायला लागले तेव्हा एका स्वयंसेवक मुलाने स्टूल आणून दिलं. तिने त्याला विचारलं, प्रकाश इतक्या लांबून येतो तर दमत नाही का? मला लगेच डोळ्यात पाणी वगैरे. तो मुलगा मात्र खूश होऊन म्हणाला की अगं हे खरंच मांडलं होतं एकाने, झ्विकी म्हणून शास्त्रज्ञ होता, १९२९ साली, की प्रकाश वाटेत शक्ती घालवत येतो म्हणून लांबच्या दीर्घिका तांबूस दिसतात, पण नंतर ते टिकलं नाही. मग पंधरा मिनिटं त्यांचं ते टिकलं का नाही चाललं होतं. त्याने तिला स्टूलही दिलं आणि उत्तरही दिलं. मला शाळेकडून एवढंच पाहिजे होतं बहुतेक, पण मार्चभर मी ते कुठल्याच ऑफिसात नीट सांगू शकले नाही.

त्या रविवारनंतर मी बायपासवाल्यांना फोन करून एकच विचारलं, गणिताला तिला वर्गातच बसू द्याल का, लिहायला फक्त मदत द्या, खालची लेव्हल नको. त्या म्हणाल्या पॉलिसी आहे. सीट धरून ठेवायचे पंचवीस हजार पाच एप्रिलपर्यंत भरायचे होते. नवरा म्हणाला भरू या का, नंतर पस्तावायला नको. पाच तारीख शनिवारी होती. भरले नाहीत. शनिवारी दिवसभर घरात कुणी कुणाशी फारसं बोललं नाही.

आमच्या शाळेची मीटिंग अजून झालेली नाही. पण पुढच्या वर्षी पाचवी ज्यांच्याकडे आहे त्या बाईंना मी जाऊन भेटले, अर्ज न घेता, मनूची वही आणि मॅडमच्या रिपोर्टातला तो एक परिच्छेद मराठीत लिहून घेऊन. त्यांनी तो दोनदा वाचला. वही उलटीपालटी केली. त्या २२५ वर बोट ठेवून म्हणाल्या, ‘हे हिने डोक्यात केलंय आणि मग माझ्यासाठी वर सजावट केलीय.’ मला बाईंना मिठी मारावीशी वाटली. मग म्हणाल्या की पहिल्या मजल्यावर चित्रकलेची खोली आहे, आठवड्यातून दोनच दिवस लागते, चित्रकलेच्या सरांना मी पटवते, संस्थेचं संस्था बघेल. त्याच मजल्यावर शिक्षकांचं टॉयलेट आहे, त्याची किल्ली मी टेबलाच्या खणात ठेवीन, तिने मागायचीही नाही, घ्यायची. गणिताबद्दल म्हणाल्या, ते मला करून बघावं लागेल, अशी मुलगी मला पहिल्यांदाच मिळतेय.

करून बघावं लागेल, हे मार्चभरात कुणीच म्हणालं नव्हतं.

तर एक वर्ष इथेच. सध्या. बाईंची बदली झाली, सर पटले नाहीत, मीटिंगमध्ये कुणी काही काढलं तर काय, हे सगळं आहेच, आणि सहावीला परत वर जायचंय. सासऱ्यांनी प्रबोधिनीचा विषय पूर्ण सोडलेला नाही, मीही नाही. टिंकूच्या आईशी बोलले. त्या म्हणाल्या दप्तराचं तुम्ही मनावर घेऊ नका, घरी साधी प्लेट उचलत नाही ती, तेवढं तरी करू दे.

मनूला सांगितलं, पाचवी पहिल्या मजल्यावर. खूश होईल असं वाटलं होतं. ती गप्प बसली, डोळे मिटले, ओठ हलायला लागले.

‘पंच्याऐंशी पर्वत्या आणि पंचेचाळीस पायऱ्या,’ ती म्हणाली. ‘शी. बोअर आकडे आहेत.’ आणि मग थोड्या वेळाने, माझ्या मागे मागे स्वयंपाकघरात येत, ‘आई, दुसऱ्या मजल्यावर नाही का गं एखादी खोली? एकशे सत्तर आणि नव्वद येतात, निदान शून्य तरी आहेत.’